सखूची चुकलेली सुई

“वैनी, हिला सुई दिलीय ना?”

सुरेखाताईंनी हे विचारलं तेव्हा त्यांचा डावा हात मोरीतल्या नळाखाली होता आणि मी साबणाची वडी घेऊन शेजारी उभी होते. मनगटाच्या जरा वर, दोन बोटं लांबीची लाल रेघ. रक्त नव्हतं. पलंगाखालचा केर काढताना झाडूचा बुडखा सखूच्या पाठीला लागला आणि कित्येक वर्षांत कुणावर साधं फिस्कारलीही नसलेली आमची म्हातारी मांजरी पंजा मारून मोकळी झाली. मारल्यावर तीच जास्त घाबरली. कपाटामागे जाऊन बसली.

“दिलीय की,” मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. कधी दिली, एवढंच सांगितलं नाही.

नळ पंधरा मिनिटं चालू ठेवायचा हे मला माहीत होतं. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणाने फुटतं. म्हणून चावा असो की ओरखडा, पहिला इलाज मोरीतच. सुरेखाताईंना एवढं पाणी वाया जाताना बघवेना. “आमच्या गावाला मिरची भरत्यात,” त्या म्हणाल्या. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव.

“त्याने काय होतं?”

“काय होतंय! माणूस बोंबलतं.”

त्या हात पुसून भांड्यांकडे वळल्या आणि मी आतल्या खोलीत जाऊन कपाटातून सखूची पुस्तिका काढली. लसीच्या बाटलीवरचं चिकट लेबल सोलून डॉक्टर जिच्यात लावतात, ती. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०११, ट्रायकॅट या मांजरांच्या लसीचे दोन डोस. ऑक्टोबरात रेबीज. मग दरवर्षीची रांग, ओळीत. ट्रायकॅटचं शेवटचं लेबल २०१९ चं. रेबीजचं शेवटचं, ६ फेब्रुवारी २०२१. त्यानंतरची पानं कोरी होती, आणि आम्ही होतो मार्च २०२५ मध्ये.

सखू आली ती २०११ च्या जुलैत. परळला आमच्या जुन्या चाळीच्या जिन्याखाली, तीन दिवसांच्या पावसात भिजून एवढीशी झालेली, पांढऱ्यावर काळे आणि पिवळे ठिगळ मारल्यासारखी कबरी. आई म्हणाली, दूध पाजून सोडून दे. मी पाजलं, सोडलं नाही. चाळ पडून इमारत झाली, आम्ही दुसऱ्या मजल्यावरून अकराव्यावर गेलो, मुलगी शिकून बंगळुरूला गेली, आणि सखू चौदाव्या वर्षात आली. मांजराचं चौदावं म्हणजे माणसाचं बहात्तरावं, असं दवाखान्यातल्या तक्त्यावर लिहिलेलं आहे. त्या तक्त्यावर माझा फारसा विश्वास नाही, कारण आमच्या ओळखीतली बहात्तरची माणसं कपाटावर उडी मारत नाहीत आणि सखू गेल्या दिवाळीपर्यंत मारत होती.

सुई चुकली कशी, हे सांगायला फार काही नाही. २०२२ मध्ये आईचं आजारपण सुरू झालं आणि घरातल्या सगळ्या तारखा तिच्या झाल्या. ती गेल्यावर वर्षभर मला कुठल्याच दवाखान्याची पायरी चढवेना. मग २०२४ च्या पावसाळ्यात सखू भांडंभर पाणी प्यायला लागली, वजन साडेचारवरून साडेतीन किलोवर आलं, आणि रक्ततपासणीत मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेलेली निघाली. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, ३ वर. तेव्हापासून एक दिवसाआड तिला घरीच सलाईन देते. पडद्याच्या दांडीला बाटली अडकवायची, मानेवरची कातडी चिमटीत धरून तंबू करायचा, त्यात सुई सरकवायची, १०० मिली जाईपर्यंत तिच्या कानामागे खाजवत बसायचं. खांद्याशी उंटासारखी पिशवी लोंबते ती रात्रीपर्यंत जिरते. म्हणजे महिन्याला पंधरा सुया मी स्वतःच्या हाताने टोचत होते. तरी लसीचं नाव निघालं की माझ्या तोंडी एकच वाक्य: आता या वयात कशाला, आधीच आजारी आहे बिचारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखाताईंना घेऊन महापालिकेच्या रुग्णालयात गेले. त्या यायला तयार नव्हत्या. “मांजर तर घरातलं हाय.” केसपेपर, रांग, एक तरुण डॉक्टर. मी पुस्तिका पुढे केली. त्याने तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. ओरखडा आहे, रक्त नाही, म्हणजे दुसरी कॅटेगरी. जखमेत टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिद्रव्यं, नकोत, पण लस सुरू करायची. मांजरावर लक्ष ठेवा. चार तारखा लिहून दिल्या: दिवस ०, ३, ७ आणि २८.

“शून्य म्हंजे आजचा?” सुरेखाताईंनी बाहेर आल्यावर विचारलं. “मग आजचा हिशोबात न्हाई?”

होता. प्रत्येक तारखेला दोन्ही दंडांत एकेक, कातडीच्या आतच भरायची बारीक सुई. ०.१ मिली इकडे, ०.१ मिली तिकडे, मसुरीच्या दाण्याएवढा फुगार येतो. चार वेळा दोन. सखूची सुई चुकली, तिच्या बदली सुरेखाताईंना आठ. शिवाय प्रत्येक वेळी बाकीच्या तीन घरी खाडा, तिथली बोलणी, आणि “मांजर चावलं” म्हटल्यावर त्यांच्यापासून दोन हात लांब सरकणारी एक बाई. खाड्याचे पैसे मी दिले. बोलण्यांचे कसे देणार?

रांगेत बसल्या बसल्या मला बाबांची गोष्ट आठवली. ते नऊ वर्षांचे असताना लालबागला त्यांना कुत्रं चावलं होतं. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. आजोबा सकाळी हात धरून चालवत न्यायचे आणि परतताना लिमलेटची एक गोळी मिळायची. बाबांना म्हातारपणीही लिमलेटच्या वासाने पोटात गोळा यायचा. ती लस मेंढीच्या मेंदूतून काढलेली असे. १९११ साली हिमाचलातल्या कसौलीला डेव्हिड सेंपल या ब्रिटिश डॉक्टरांनी बसवलेल्या पद्धतीची. परळच्या हाफकिन संस्थेतही ती बनत होती, म्हणजे आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. भारतात ती पुरती थांबली २००४ च्या अखेरीस. आता सगळं दंडात, पेशींवर वाढवलेल्या लसीने. पण अजूनही कुठल्याही मराठी घरात कुत्रं म्हटलं की पुढचं वाक्य येतं, “चौदा इंजेक्शनं, पोटात!” सुरेखाताईंच्या शेजारच्या बाकावरच्या आजी नातवाला तेच सांगत होत्या. पोरगं भोकाड पसरून रडत होतं.

आता ते दहा दिवस.

चावलेलं किंवा ओरबाडलेलं कुत्रं-मांजर दहा दिवस नजरेसमोर ठेवायचं असतं. रेबीजचा विषाणू लाळेत उतरतो तो लक्षणं दिसायच्या जेमतेम थोडे दिवस आधी, आणि लक्षणं दिसली की जनावर फार टिकत नाही. त्यामुळे दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत काही नव्हतं. साधा, शहाणा नियम आहे. फक्त तो नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तरणं जनावर असणार. मूत्रपिंडं गेलेली चौदा वर्षांची म्हातारी नसणार.

पहिले पाच दिवस ठीक गेले. मी रोज रात्री कॅलेंडरवर फुली मारत होते, नवरा म्हणत होता की तू तुरुंगात असल्यासारखी वागतेस. खरं तर मला काळजी नव्हतीच. सखू घराबाहेर जात नाही. म्हणजे, जात नाही असं मी सगळ्यांना सांगते. २०१९ मध्ये गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यासाठी दार उघडं राहिलं तेव्हा ती जिन्याने खाली उतरली होती आणि दोन रात्री गायब होती. तिसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये एका बंद पडलेल्या गाडीखाली सापडली. आणि जुन्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या ग्रिलपाशी रोज रात्री एक कानफाटा बोका यायचा. ग्रिलच्या एका बाजूला तो, एका बाजूला ही, नाकाला नाक लावून. “घरातलं मांजर” हे उघड्या दाराच्या पुढे टिकत नाही, एवढं मला चौदा वर्षांत कळायला हरकत नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी सखूने ताटलीकडे पाठ फिरवली. दुपारी पलंगाखाली जाऊन कोपऱ्याला तोंड करून बसली. संध्याकाळी मी ऑफिसातून आले, वाकून टॉर्च मारला तर हनुवटीखालचे केस ओले. लाळ. हाक मारली तर उठली, दोन पावलं टाकली, मागचा पाय घसरला.

मी त्या टॉर्चच्या उजेडात किती वेळ वाकून बसले होते कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या मांजरीला हात लावायची भीती वाटली. तेरा वर्षं उशाशी झोपलेलं जनावर. मला सगळं ठाऊक होतं: मूत्रपिंडाच्या आजारात तोंड येतं, लाळ गळते, अन्नावरची वासना जाते, अंगातलं पाणी कमी झालं की पाय लटपटतात. आणि हेही ठाऊक होतं की लपून बसणं, लाळ गळणं, पाय ओढणं ही त्या दुसऱ्या रोगाचीही लक्षणं आहेत. पुस्तिकेत २०२५ चं एक लेबल असतं तर दुसऱ्या रोगाचा विचार डोक्यात येऊनही तासाभरात गेला असता. लेबल नव्हतं, त्यामुळे तो घरभर फिरत राहिला.

सखूच्या डॉक्टर फोनवर म्हणाल्या, “तोंडात बोट घालू नका. टॉवेल टाकून बास्केटमध्ये घ्या आणि आणा.” नेहमी सखूच्या पोटाला नाक लावून बोलणारी मुलगी ती, माझ्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी. त्या दिवशी तिने कोपरापर्यंतचे जाड हातमोजे घातले. ते बघून मला सखूचीच जास्त शरम वाटली, जणू तिच्याबद्दल कुणी चारचौघांत काही वाईट बोललं असावं.

जिभेच्या कडेला फोड निघाला. रक्तात क्रिएटिनिन वर गेलेलं. कारण मार्च एंड. ऑफिसात रात्री नऊ वाजत होते आणि मी लागोपाठ दोन सलाईनं चुकवली होती. दवाखान्यात शिरेतून सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशीही लावलं, आठव्या दिवशी तिने उकडलेल्या कोंबडीचे चार तंतू खाल्ले. दहावा दिवस गेला. अकराव्या दिवशी मी सुरेखाताईंना सांगितलं, सखू छान आहे. त्या म्हणाल्या, “मंग उरल्याली सुई नको ना?” रुग्णालयात विचारलं, तर तिथले डॉक्टर म्हणाले, कोर्स पुरा करून टाका, पुढे कधी काही चावलं तर तुमच्याच उपयोगी पडेल. त्या गेल्या, घेतली.

त्या मधल्या एका संध्याकाळी, सखूच्या पायात सलाईनची सुई असताना, आमच्या पशुवैद्य डॉक्टर फाइल चाळत म्हणाल्या, “ही या आठवड्यात गेली असती ना काकू, तर मला तिचं डोकं तपासायला पाठवावं लागलं असतं.” साध्या आवाजात, शिडशिडीत हातांनी बाटलीचा वेग कमी करत. रेबीज होता की नव्हता हे मेंदूचा तुकडा बघूनच सांगता येतं, जिवंतपणी छातीठोक सांगता येत नाही. म्हणजे माझी सखू, जिला मी आमच्या इमारतीमागच्या पांगाऱ्याखाली पुरायचं असं मनोमन ठरवून ठेवलं होतं, ती तिथे अख्खी गेली नसती.

मग लसीचं बोलणं निघालं. मी म्हटलं, या वयात झेपेल का?

त्या हसल्या. “कुठली लस?”

इथे माझं अज्ञान उघडं पडलं. इतकी वर्षं मी “सुया” म्हणत होते, अनेकवचनात, पोळ्या म्हणावं तसं. त्यांनी दोन्ही वेगळ्या काढल्या. रेबीजची एक, मेलेल्या विषाणूची. दुसरी ट्रायकॅट, तिच्यात तीन रोग: मांजरांचा पार्व्हो, म्हणजे पॅनल्युकोपेनिया, आणि सर्दीचे दोन विषाणू, हर्पीस आणि कॅलिसी. त्यातले विषाणू जिवंत पण दुबळे केलेले. दोघींचा हिशोब निराळा मांडायचा.

ट्रायकॅटबद्दल डॉक्टर बिलकूल घाईत नव्हत्या. पार्व्होचा विषाणू चिवट असतो, जमिनीवर वर्षभरही तग धरतो, चपलेला चिकटून अकराव्या मजल्यावर येऊ शकतो, हे खरं. पण तो पिल्लांचा काळ. लहानपणी नीट डोस मिळालेल्या मांजरात त्याच्याविरुद्धची शक्ती फार वर्षं राहते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात दोन डोस देऊन मग बाहेरच्या मांजरांपासून वेगळी ठेवलेली मांजरं साडेसात वर्षांनीही पार्व्होला पुरून उरली होती. सर्दीच्या दोन विषाणूंविरुद्ध ती शक्ती तेवढी टिकत नाही, पण ते लागायला दुसरं मांजर घरात यावं लागतं. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेचंच म्हणणं आहे की घरात एकट्या राहणाऱ्या मोठ्या मांजराला ही लस तीन वर्षांच्या आत पुन्हा देऊच नये. सखूचे तीन कधीच उलटले होते, म्हणजे कागदावर देय होती. “पण मूत्रपिंडाचं काय?” मी विचारलं. कारण मुलीने मला एक लेख पाठवला होता: या लसीतले विषाणू मांजराच्याच मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवतात, आणि लस दिलेल्या काही मांजरांच्या रक्तात मूत्रपिंडाविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली आहेत. डॉक्टरांनी तो वाचलेला होता. सापडलीत, म्हणाल्या, त्यातून आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. “पण हिच्या बाबतीत फायदा इतका थोडा आहे की न सिद्ध झालेली शंकासुद्धा मला पुरते.” हे वाक्य मला आवडलं. पिल्लू आणायचं ठरलं, किंवा सखूला कुठे ठेवून गावी जायचं झालं, तर आधी सांगा, तेव्हा बघू.

रेबीजचं निराळं. त्याचा हिशोब सखूच्या तब्येतीपाशी सुरूच होत नाही. तो सुरेखाताईंच्या मनगटापाशी सुरू होतो.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. कारण गाठ. मांजरांना सुईच्या जागी क्वचित कर्करोगाची गाठ येते, हे मी ऐकून होते आणि तेच माझ्या टाळाटाळीचं सगळ्यात शहाणं दिसणारं कारण होतं. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे एक मांजर काढलं. (चित्रकला वाईट. शेळी दिसत होती.) अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात १९८७ मध्ये मांजरांना रेबीजची लस सक्तीची झाली आणि १९९१ मध्ये तिथल्याच विद्यापीठातल्या दोघा तज्ज्ञांच्या लक्षात आलं की मानेजवळच्या, म्हणजे सुया टोचायच्या जागच्या गाठी वाढल्यात. लसीचा परिणाम वाढवण्यासाठी घातलेल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांवर संशय गेला. सुईने होणारी दीर्घकाळची सूज हे मूळ असावं असं मानतात. आकडे जागोजागी वेगळे आहेत, पण साधारण दहा हजार सुयांमागे एक किंवा त्याहून कमी. तेव्हापासून जाणकार डॉक्टर मानेत टोचत नाहीत, पायात जितकं खाली जमेल तितकं खाली टोचतात. शेळीच्या उजव्या मागच्या पायावर, गुडघ्याच्या खाली, त्यांनी फुली मारली.

“पायच का?”

“पाय कापता येतो, काकू. मान नाही.”

त्या रात्री मी सखूच्या मानेवरून बराच वेळ बोटं फिरवली. २०११ पासूनच्या सगळ्या सुया तिथेच तर गेल्या होत्या. काही लागलं नाही, मणके सोडून. आणि मग एक विचार आला, जो मला थोडा निर्लज्ज वाटला पण खरा होता: ही गाठ यायला महिने लागतात, कधी वर्षंच्या वर्षं. सखूपाशी तेवढी वर्षं होती कुठे? तिच्या वयाचा मी जो बाऊ करत होते, तो इथे उलटा लागू पडत होता. म्हातारी होती म्हणून सुई जास्त धोक्याची नव्हती. म्हातारी होती म्हणूनच, ती कुणाला ओरबाडल्यावर दहा दिवसांत आपल्या मरणाने मरण्याची शक्यता खूप जास्त होती.

सल्ले आलेच. इमारतीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी निसर्गाच्या विरुद्ध जाऊ नये असं लिहिलं. तेच गृहस्थ कुत्र्यांच्या वंध्यीकरणासाठी महापालिकेला दर महिन्याला पत्र पाठवतात. नणंद म्हणाली, आहेत ते दिवस सुखाने जाऊ दे तिला. मुलगी म्हणाली, आई, तू घाबरलीयस म्हणून देतेयस की गरज आहे म्हणून? या मुलीला मी वकील करायला हवं होतं.

“आता या वयात कशाला” हे माझं वाक्य मी कुठून उचललं, तेही तेव्हाच आठवलं. मार्च २०२१. साठीच्या वरच्यांना कोविडची लस सुरू झाली तेव्हा आई ८४ वर्षांची होती. मामेभाऊ फोनवर हेच म्हणाला होता, आणि मी आईसमोरच “हो ना रे” म्हटलं होतं. आईने फोन ठेवेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाली, “वय झालंय. मरायची घाई नाही झालेली.” दुसऱ्या दिवशी ठेवणीतली अंजिरी साडी नेसून, व्हीलचेअरमध्ये बसून केंद्रावर गेली, पंख्याखालची जागा मागून घेतली, आणि नर्सला विचारलं की दुसरी कधी. सखूचं शेवटचं लेबल त्याच्या महिनाभर आधीचं. त्या घरात तेव्हा म्हाताऱ्यांच्या सुया वेळेवर होत होत्या.

सखूचं वजन ३.१ किलोवर थांबलं, फोड भरला, तीन आठवडे ती रोज जेवली. आजारी असताना लस द्यायची नाही, पण आजार जुना आणि स्थिर असेल तर तो आड येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी टॅक्सी केली. सखू बास्केटमध्ये पूल संपेपर्यंत ओरडली, मग नेहमीप्रमाणे मुतली, मग गप्प झाली. चालकाने आरशातून पाहिलं. मी घरून आणलेली वर्तमानपत्रं पसरली.

टेबलावर डॉक्टरांनी आधी अंग तपासलं, ताप घेतला, हिरड्या पाहिल्या. मग उजव्या मागच्या पायावरचे केस बोटाने दुभंगले. एवढा बारीक पाय; केसांखाली गुलाबी, जवळजवळ पारदर्शक कातडी, आणि तिच्यातून जाणारी एक निळी रेघ. सुई गेली तेव्हा सखूने मान वळवून पायाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. पंधरा मिनिटं बाहेर बसा, उलटी, तोंडाला सूज असं काही दिसलं तर लगेच आत या. आम्ही बसलो. समोर एक लॅब्रडॉर होता, त्याने सखूकडे पाहून शेपटी हलवली. सखूने डोळे मिटून घेतले.

दोन दिवस ती जरा लंगडली, एक दिवस कमी जेवली. त्या जागी हरभऱ्याएवढं कडक लागायला लागलं. तीन महिन्यांनंतरही राहिलं, दोन सेंटिमीटरच्या वर गेलं, किंवा महिन्यानंतरही वाढत राहिलं, तर दाखवायचं, असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाखाली आहे. सलाईन देताना मी आता डाव्या हाताने तो पाय चाचपते. मेच्या मध्याला हरभऱ्याचा मूग झाला. जूनमध्ये शोधावा लागत होता.

पुस्तिका मी सुरेखाताईंना दाखवली, त्यांनी विचारण्याआधी. त्यांनी पदराला हात पुसले, नवीन लेबलावर बोट ठेवलं, तारीख वाचली, मग पान उलटून मागचं लेबल वाचलं. २०२१. मध्ये किती गेली ते बोटांवर मोजलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

“फोटो काढू का याचा?” त्या म्हणाल्या. काढला. अंधार पडला म्हणून खिडकीशी जाऊन पुन्हा काढला. “पुढली कवा?”

“पुढच्या एप्रिलमध्ये.”

त्यांनी मोबाइलमध्ये तारीख टाकून घेतली, मला दाखवून खात्री केली, आणि झाडू घेऊन आतल्या खोलीत गेल्या. पलंगाखाली वाकण्याआधी दाराशी थांबून ओरडल्या, “सखे, उठ गं. केर काढायचाय.”